देवरे सरांच्या पाच खुणा

देवरे सरांचा गौरवांक निघतोय. जळगाव आणि धुळे अशा दोन्ही जिल्ह्यांतल्या डॉक्टर, नर्स, पोलीस, अंगणवाडीताई या सगळ्यांना बाईवर घरात होणारा अत्याचार कसा ओळखायचा, हे त्यांनी वर्षानुवर्षं शिकवलं, म्हणून. मलाही पत्र आलं. 'आपली एक हृद्य आठवण एका पानात लिहून पाठवावी, सोबत पासपोर्ट आकाराचा फोटो जोडावा.' हृद्य आठवण माझ्याकडे नाही. जी आहे ती एका पानात मावत नाही आणि गौरवांकात तर मुळीच शोभणार नाही. तरी लिहिते, कारण नाही लिहिलं तर माझंच पित्त खवळत राहील.

मी सातपुड्याच्या पायथ्याशी एका सरकारी दवाखान्यात नर्स आहे. नोकरीला बावीस वर्षं झाली, त्यामुळे धाकट्या सगळ्या मला अक्का म्हणतात. देवरे सर मात्र मला 'महाजन सिस्टर' म्हणायचे, तेही छातीवरची नावाची पट्टी वाचून. पट्टी पदराखाली झाकली गेली की नुसतं 'अहो सिस्टर'.

पहिल्यांदा त्यांना पाहिलं ते जळगावला, तीन दिवसांच्या प्रशिक्षणात. अंगात खादीचं बिनबाह्यांचं जाकीट, काखेत रबरबँड लावलेली तक्त्यांची गुंडाळी, वरच्या खिशात लेझरची कांडी आणि हिरव्या शाईचं पेन. सभागृहात आले, माईक हातात घेतला, दोनदा फुंकला आणि ओरडले, "संवेदनशील व्हा!" कवायतीच्या मास्तरांनी 'सावधान' म्हणावं तसं. पहिल्या रांगेतले दोन पोलीस खरोखर ताठ बसले.

त्यांची शिकवायची पद्धत सहभागाची होती. म्हणजे ते प्रश्न विचारायचे, आम्ही उत्तरं द्यायची, ते "अजून? अजून?" म्हणत राहायचे, आणि मग गुंडाळी सोडून एक तक्ता भिंतीला टांगायचे. तक्त्यावर आमची सगळी उत्तरं आधीच लिहिलेली असायची, अत्यंत सुंदर अक्षरात. तक्त्याच्या कोपऱ्यांना जुन्या चिकटपट्टीचे थर होते. किती गावच्या लोकांच्या तोंडून ही उत्तरं त्यांनी काढून घेतली होती, देव जाणे.

एका हवालदारांनी उभं राहून सांगितलं, "सर, आमच्याकडं एक गोष्ट नेहमी दिसते. बाईचा मोबाईल नवऱ्याजवळ असतो. आम्ही फोन केला की तोच उचलतो. हे आपल्या तक्त्यात नाहीये."

सर हसले. "हवालदारसाहेब, मोबाईल हा तांत्रिक विषय झाला. आपण भावनेबद्दल बोलतोय."

हवालदार बसले आणि प्रशिक्षण संपेपर्यंत त्यांनी तोंड उघडलं नाही. त्या सभागृहातलं एकुलतं एक शहाणं वाक्य त्यांनी उच्चारलं होतं, हे मलाही फार उशिरा कळलं.

मग सर फोटो दाखवायचे. कुठून तरी उतरवून घेतलेले, गोऱ्यापान परदेशी बायकांचे. निळे डोळे, डोळ्याखाली जांभळा वळ, ओठाला रक्त. मी विचारलं, "सर, आमच्याकडे येणाऱ्या बाया कापूस वेचून, केळीच्या बागेत राबून रापलेल्या असतात. त्यांच्या अंगावर वळ असा दिसत नाही. हात फिरवून बघावं लागतं, सूज लागते, कातडी गरम लागते. ते सांगा ना."

"सिस्टर, वैद्यकीय तपशिलात आपण शिरायला नको," असं म्हणून त्यांनी पुढचा फोटो लावला. तीही गोरीच होती.

पण त्यांची खरी कमाई म्हणजे पाच खुणा. मान खाली, आवाज बारीक, डोळ्यांत पाणी, पदर पुढे, उत्तराला उशीर. या पाच खुणा दिसल्या की समजावं, बाई पीडित आहे. सकाळ-संध्याकाळ आम्ही त्या पाढ्यांसारख्या म्हणायचो. एक एक खूण म्हणताना सर स्वतः ती करून दाखवायचे. जाकिटावरून नसलेला पदर पुढे ओढताना त्यांना पाहणं हा त्या तीन दिवसांतला एकमेव करमणुकीचा कार्यक्रम होता.

दुसऱ्या दिवशी जेवणानंतर नाटुकलं होतं. एकीने मार खाल्लेली बायको व्हायचं, एकाने अधिकारी व्हायचं. सरांनी सभागृहावर नजर फिरवली आणि म्हणाले, "तुम्ही या. हसऱ्या मॅडम."

हसऱ्या मॅडम म्हणजे रत्ना. आमच्याच तालुक्यात एका गावच्या उपकेंद्रावरची नर्स. स्कूटीवर बाळंतिणींची घरं फिरणारी, खणखणीत आवाजाची, बोलता बोलता खिदळणारी पोरगी. तिची माझी ओळख होती, पण मासिक बैठकीपुरती. ती पुढे गेली, खुर्चीवर बसली आणि अधिकारी झालेल्या पोलिसाला सांगायला लागली.

"काही नाही हो साहेब, भाजीत मीठ जास्त पडलं. मग कुकरचं झाकण घेतलं त्यानं. पण बघून मारतो हां. तोंडावर नाही, मनगटावर नाही. ड्यूटीवर दिसतं ना. दंडावर मारतो, पाठीवर मारतो. हिशोबी माणूस आहे." आणि हसली.

सभागृह हसलं. मीही हसले. आज हे लिहिताना मला स्वतःची किळस येते.

सरांनी टाळ्या वाजवून तिला थांबवलं. "थांबा, थांबा. मॅडम, अभिनय कच्चा आहे. पीडित महिला हसते का कधी? आणि एवढा तपशील कुठून आणलात? घाबरलेल्या बाईला असं धडाधडा बोलता येत नाही. परत करा. पहिली खूण काय?"

"मान खाली," सभागृह ओरडलं.

रत्नाने परत केलं. मान खाली घातली, आवाज बारीक केला, ओढणी पदरासारखी पुढे ओढली. "शाब्बास!" सर म्हणाले. "आता कशी खरी वाटते!" आणि खिशातली डायरी काढून त्यांनी हिरव्या शाईने एक बरोबरची खूण केली. ही त्यांची सवय होती. कुठलंही काम झालं की डायरीत बरोबरची खूण, आणि त्यानंतर चहा.

शेवटच्या दिवशी ते यशोगाथा सांगायचे. त्यांच्या संस्थेचं जळगावात एक समुपदेशन केंद्र होतं. सर तिथले मुख्य समुपदेशक. बाई तक्रार घेऊन आली की ते सासरच्यांना बोलावून घ्यायचे, चार गोष्टी त्यांना सांगायचे, आठ गोष्टी तिला सांगायचे आणि समेट घडवायचे. तिचं म्हणणं लिहून सरकारी नमुन्यात अहवाल तयार करायचा अधिकार त्या केंद्राला होता. तोच अहवाल पुढे कोर्टात चालतो. पण सर म्हणायचे, "कागद केला की नातं तुटलं. कागद हा शेवटचा उपाय." आणि तो शेवट त्यांनी कधी येऊच दिला नव्हता.

त्याऐवजी त्यांनी ओटी आणली होती. केंद्रात एक पत्र्याची पेटी होती. तिच्यात खण, नारळ, तांदूळ, हळद-कुंकवाच्या पुड्या. समेट झाला की केंद्रातली बाई त्या लेकीची ओटी भरायची, सर शेजारी हात जोडून उभे राहायचे आणि फोटो निघायचा. "माझ्या केंद्रातून एकही भगिनी रिकाम्या ओटीनं सासरी गेली नाही," असं ते सांगायचे. "आम्ही तिचं माहेर झालो!" मग डोळ्यांतून पाणी. खोटं नाही, अगदी खरं पाणी. सभागृहातल्या निम्म्या बायाही रुमाल काढायच्या. त्या माणसाला आपण काय करतोय हे खरोखरच कळत नव्हतं, आणि त्याचाच मला जास्त संताप येतो.

"आणि पाठपुरावा?" कोणीतरी विचारलं होतं.

"एक महिन्यानं मी स्वतः फोन करतो. कसं चाललंय विचारतो. आजपर्यंत एकच उत्तर मिळालंय." आणि त्यांनी ते आमच्या बोलीत, लाडीक सूर काढून म्हणून दाखवलं, "'बठ्ठं बरं शे!'"

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

बठ्ठं बरं शे, म्हणजे सगळं ठीक आहे. हे वाक्य मी वॉर्डात रोज ऐकते. बाईचा डोळा सुजलेला असतो, सासू तिच्या उशाशी पाय मुडपून बसलेली असते, आणि मी काही विचारायच्या आत सासू बोलते, "बठ्ठं बरं शे सिस्टर, पाय घसरना नि पडनी." मग मी रजिस्टरात लिहायची, 'घरात पडली.' बावीस वर्षं हेच लिहीत आले. तेव्हा देवरे सरांना नावं ठेवताना मी काही फार उंच ओट्यावर बसलेली नाही. फक्त माझा कोणी गौरवांक काढत नाही, एवढंच.

त्या प्रशिक्षणानंतर सहा-सात महिन्यांनी, थंडीत, सकाळी ओपीडी सुरू व्हायच्या वेळेला रत्नाला आमच्याकडे आणलं. एका बाजूने नवरा, एका बाजूने सासू. नवरा केळीच्या गाड्या भरून द्यायचं काम करायचा, बोलायला गोड, मला वाकून नमस्कार घातला. रत्नाचा उजवा हात ओढणीत बांधलेला होता.

"ओट्यावरून पडनी," सासू म्हणाली.

मी हात पाहिला. पडणारा माणूस तळहात टेकतो, त्याचं मनगट मोडतं. रत्नाचा हात मोडला होता मनगट आणि कोपराच्या मध्ये. डोकं वाचवायला हात वर धरला आणि त्यावर काही आदळलं, की तिथे मोडतो. हे मला कुठल्याही तक्त्याने शिकवलं नव्हतं. मला ते बावीस वर्षं माहीतच होतं.

नवऱ्याला म्हटलं, "भाऊ, केसपेपर काढून आणा, मग एक्स-रेच्या खिडकीवर नंबर लावा." सासूला म्हटलं, "मावशी, बायकांची तपासणी आहे, बाहेर बाकावर बसा." पडदा ओढला. काय झालं असं विचारलं नाही, कारण त्याचं उत्तर ठरलेलं असतं. विचारलं, "कोणी मारलं?"

रत्नाने माझ्याकडे सरळ पाहिलं. मान खाली नाही, डोळ्यांत पाणी नाही, उत्तराला उशीर नाही. "त्यानंच, अक्का. लोखंडी पहारीनं."

आणि मग हलक्या आवाजात सगळं सांगितलं. दोन महिन्यांपूर्वी ती एकटी बसने जळगावला जाऊन देवरे सरांच्या केंद्रात तक्रार देऊन आली होती. कोणालाच बोलली नव्हती. "दुसरं दार मला माहीतच नव्हतं, अक्का. तेवढेच तर या विषयावर बोलताना दिसले होते." सरांनी तिला ओळखलं नव्हतं. तीन दिवस समोर बसवून, पुढे बोलावून, शाब्बास म्हणून ओळखलं नव्हतं. "मी त्या वेळी हसले नाही हं. त्यांनी शिकवलं तशीच मान खाली घालून बसले." तिने अहवाल लिहून घ्या म्हटलं, त्यांनी सासरच्यांना बोलावलं. पंधरा दिवसांनी ओटी भरून, फोटो काढून तिला परत पाठवलं.

"आणि एक महिन्यानं त्यांचा फोन आला ना, अक्का, तो ह्यानं उचलला. केंद्राच्या कागदावर ह्याचाच नंबर होता, हमी म्हणून. मी बाजूलाच पोळ्या लाटत होते. हा म्हणाला, बठ्ठं बरं शे सर." आणि या जागी ती हसली. तसंच हसली, जसं जळगावला हसली होती. या वेळी मला हसू आलं नाही.

मी रजिस्टर उघडलं आणि लिहिलं, 'नवऱ्याने पहारीने मारल्याचे सांगते.' तारीख, वेळ, सही. डॉक्टरांना सांगून पोलिसांना कळवलं. प्लास्टर घालून रत्ना घरी गेली नाही, माझ्या क्वार्टरवर आली.

पण तिची सहा वर्षांची पोरगी तिकडेच राहिली होती. सासरचे द्यायला तयार नव्हते, भेटूही देत नव्हते. वकील म्हणाले, आधी अहवाल पाहिजे, तो जोडला तर कोर्ट पोरीचा ताबा लवकर देईल. असा अहवाल सरकारी संरक्षण अधिकाऱ्यालाही लिहिता येतो, पण आमच्या तालुक्यात ती खुर्ची रिकामी, कार्यभार कोणाकडे तरी दुसऱ्याकडे, आणि तो कोणीतरी कायम बैठकीला गेलेला. आम्ही तीन खेपा घातल्या. शेवटी देवरे सरांच्या केंद्राला अर्ज केला. उत्तर आलं, सुंदर अक्षरात, हिरव्या शाईत. 'सदर प्रकरणी समेट यशस्वी झाला असून पाठपुराव्यात सर्व क्षेम असल्याचे आढळले. सबब अहवालाची आवश्यकता नाही.' रत्नाने ते पत्र दोनदा वाचलं आणि घडी घालून पर्समध्ये ठेवलं. त्या दिवशी तिने जेवायला नाही म्हटलं.

आणि त्याच महिन्यात आम्हा दोघींना आदेश आला. जुन्या प्रशिक्षणार्थींसाठी आणि नव्याने रुजू झालेल्यांसाठी उजळणी वर्ग, धुळ्याला, उपस्थिती सक्तीची.

सरांनी तेच जाकीट घातलं होतं. तक्तेही तेच, फक्त एकाचा कोपरा गेला होता आणि त्याबरोबर तिथे लिहिलेला हिंसेचा एक प्रकारही गेला होता. सकाळी सगळ्यांनी आपापली ओळख करून दिली. पहिल्या रांगेतली एक तरुण मुलगी उठली, नाव सांगितलं आणि म्हणाली, आठवड्यापूर्वीच संरक्षण अधिकारी म्हणून रुजू झाले. तालुका सांगितला, तो आमचाच. रत्नाने माझा हात दाबला. चहाच्या सुट्टीत तिला गाठायचं असं आम्ही डोळ्यांनीच ठरवलं.

सुट्टीच्या आधी सरांनी सरावासाठी कोरे अहवाल वाटले. वर ठळक छापलेलं होतं, 'नमुना, केवळ सरावासाठी.' मग दिवे घालवून पडद्यावर यशोगाथा लावली.

पोपटी साडीतली बाई, ओटीत नारळ, शेजारी हात जोडून सर. बाईच्या डोळ्यांवर काळी पट्टी मारली होती, ओळखू येऊ नये म्हणून. पण तिच्या डाव्या हातात घड्याळ होतं आणि त्याची तबकडी मनगटाच्या आतल्या बाजूला होती. नाडी मोजायला सोपं पडावं म्हणून नर्सच असं घड्याळ बांधतात. सभागृहातल्या प्रत्येक नर्सने ते पाहिलं असणार. सरांनी वर्षभर तो फोटो गावोगाव दाखवला असता तरी त्यांना ते दिसलं नसतं.

"या भगिनीकडे बघा," लेझरचा लाल ठिपका नारळावर फिरवत सर म्हणाले. "आली तेव्हा पाचही खुणा होत्या. आज तिचा सोन्यासारखा संसार चालू आहे. आता तुमच्यापैकी कोणीतरी ही भगिनी व्हा. कोण येतं?" त्यांची नजर रत्नाच्या हातावर थांबली. "तुम्ही या मॅडम. वा, प्लास्टरही आहे! भूमिका उठून दिसेल."

रत्ना उठली. पडद्याखाली, आपल्याच फोटोखाली जाऊन उभी राहिली. दवाखान्यात, बैठकीत ती माझ्याशी नेहमी कागदी मराठीत बोलायची. त्या दिवशी घरच्या बोलीत बोलली, आणि खणखणीत बोलली.

"हाऊ फोटो मन्हा शे, सर. तुम्ही मन्ही ओटी भरी. अहवाल नही लिखा. तुमना फोन मन्हा नवरानी उचला, मी बाजूलेच उभी व्हतू. मंग त्यानी मन्हा हात मोडा. मन्ही पोर अजून तठेच शे. आते माले अहवाल पाहिजे."



सरांनी हलकेच टाळ्या वाजवल्या. "छान! बोलीभाषेचा वापर तर उत्तम. फक्त एक सुधारणा. पीडित महिला अशी डोळ्याला डोळा भिडवून बोलत नाही. पहिली खूण कोणती? सगळ्यांनी सांगा."

कोणीच सांगितलं नाही. जुन्या बॅचचे ते हवालदार मागच्या रांगेत होते, त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. पहिल्या रांगेतली ती तरुण अधिकारी उठली, आपली खुर्ची उचलून रत्नाजवळ नेऊन ठेवली आणि तिला बसवलं. स्वतः शेजारच्या टेबलाला टेकून उभी राहिली. हातातल्या कोऱ्या अहवालावरचे 'नमुना, केवळ सरावासाठी' हे शब्द तिने आडवी रेघ मारून खोडले, शेजारी सही केली. "ताई, पूर्ण नाव सांगा," ती म्हणाली. नाव झालं, गाव झालं, पोरीचं नाव झालं. मारहाणीची तारीख आली तशी रत्नाने माझ्याकडे पाहिलं. मी जागेवरूनच तारीख आणि वेळ सांगितली. रजिस्टर जवळ नव्हतं, पण ती नोंद मला तोंडपाठ होती.

पुढचं कोर्टाचं सगळं सांगत बसत नाही. पोरगी ताब्यात यायला पावसाळा लागला. आता ती माझ्या अंगणात आईच्या स्कूटीवर बसून हॉर्न वाजवत असते आणि माझी दुपारची झोप घालवते.

मला सांगायचे आहेत ते त्या दिवशी शेवटचे दिसलेले देवरे सर. अहवाल लिहिणं चालू होतं, लोक उठून रत्नाभोवती जमले होते, आणि सर एकटेच पडद्यासमोर उभे होते. लेझर बंद करायचं राहून गेलं होतं, लाल ठिपका नारळावर थरथरत होता. त्यांनी घड्याळ पाहिलं, वेळापत्रक पाहिलं, मग माझ्याजवळ आले, छातीवरची पट्टी वाचली आणि वाकून हळूच विचारलं, "महाजन सिस्टर, काय झालं हो? त्या मॅडमना काही त्रास आहे का?"

मी त्यांच्याकडे पाहिलं. मान खाली घातली, आवाज बारीक केला, पदर पुढे ओढला आणि थोडा वेळ जाऊ दिला.

"नाही सर," मी म्हटलं. "बठ्ठं बरं शे."

त्यांना बरं वाटलं. खिशातली डायरी काढून त्यांनी हिरव्या शाईने बरोबरची खूण केली आणि चहा सांगायला गेले.